शैलेंद्रभाऊंच्या पायावरचे लाल दाणे

भोपाळच्या कोटरा सुल्तानाबादमधल्या एका छोट्या दवाखान्यात अलका देशकर बावीस वर्षं जखमांचं ड्रेसिंग करते आहे. आजोबा नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले, वडील इथेच कारकून झाले, आणि घरात कुणालाच रक्त बघवत नसे. अलकाला मात्र प्रत्येक जखम म्हणजे नवी बातमी. पट्टी सोडताना आजही तिची छाती धडधडते, आत काय झालं असेल या उत्सुकतेनं.

या उन्हाळ्यात शैलेंद्र खापरे आले. गोविंदपुऱ्यात वेल्डिंग करणारे, वय एक्कावन्न. साखरेच्या आजारानं पाय बधिर झालेले, त्यामुळे ठिणगी बुटात शिरून अंगठ्याच्या मुळाशी भाजलं तेही उशिरा कळलं. दीड महिना झाला तरी जखम भरेना. वर पिवळट थर, खाली फिकट मांस. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर अंगठा काढावा लागेल.

अलकानं जखमेवर पारदर्शक प्लास्टिक धरून पेनानं कड गिरवली, तारीख टाकली. आठ दिवसांनी पुन्हा गिरवली. दोन्ही रेघा तंतोतंत एकावर एक बसल्या. साखर तर आटोक्यात आली होती, पायात रक्तही नीट खेळत होतं. मग अडत होतं कुठे?

"भाऊ, घरी पट्टी सोडता का?"

शैलेंद्रनी पाय मागे ओढला. त्यांची बायको विनिता म्हणाली, "रोज दोनदा. ते फेस येणारं औषध ओततात. म्हणतात, गंदगी निकल रही है."

"पेरॉक्साइड?" अलका ताडकन उठली. "अहो, ते घाणीबरोबर नवं मांसही जाळतं. शरीर जे विणतंय ते तुम्ही रोज उसवताय. आजपासून पट्टीला हात लावायचा नाही. मीच सोडणार. आणि त्या पायावर भार टाकायचा नाही."

पाचव्या दिवशी तिनं पट्टी सोडली. जखमेच्या तळाशी मोहरीएवढे लालबुंद, ओले दाणे उगवले होते. कापूस लागताच रक्ताचा थेंब आला.

"रक्त आलं ताई," शैलेंद्र घाबरले.

"यायलाच हवं. नव्या रक्तवाहिन्या आहेत, फार नाजूक. त्या आल्या म्हणजे आता मांस भरणार." हातमोजे न काढताच ती डॉक्टरांना बोलवायला धावली. डॉक्टरांनी वाकून पाहिलं आणि अंगठा काढायचा विचार पुढे ढकलला.

मग दर आठवड्याला रेघ आत सरकू लागली. मांस वर आलं, तशी कडेनं गुलाबी, पातळ कातडी पुढे चढत गेली. कधी दोन मिलिमीटर, कधी एकच. एका आठवड्यात काहीच नाही, तेव्हा अलका दिवसभर चिडचिडली. नवव्या आठवड्यात गिरवायला काही उरलंच नाही.

"पण ही कातडी जुन्याइतकी चिवट कधीच होणार नाही," तिनं बजावलं. "मऊ बूट घालायचे, पाय रोज तपासायचा."

शैलेंद्रनी व्रणावर बोट फिरवलं. पायाला काहीच जाणवलं नाही.

"तू बघ गं हात लावून," ते विनिताला म्हणाले.

तिनं तळहात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. "कोमट आहे," ती म्हणाली.