हिराजीदादाच्या गावात गोदाम नव्हतं

हिराजीदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होतो. फोन ठेवला आणि आधी ती हुज्जत पुरी केली. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल कुणाचा गैरसमज व्हायला नको. मग शटर ओढलं, रिक्षा केली आणि आमच्या गावी, पूर्ण्याला गेलो. अंगणात माणसं जमली होती आणि जो तो एकच बोलत होता, देवमाणूस गेला, कधी कुणाला दुखावलं नाही. मीही मान डोलावत उभा राहिलो. आता काही आठवडे उलटलेत आणि मान डोलावण्याचा मला कंटाळा आला आहे. दादा देवमाणूस वगैरे नव्हता. हट्टी होता. एखादी गोष्ट डोक्यात घेतली की समोरच्याचा जीव खायचा. शेवटची काही वर्षं तो माझ्याशी बोलत नव्हता. तो अबोला मी ओढवून घेतला होता, आणि निमित्त होतं कॉम्प्युटरवरचा एक गेम... हसू येत असेल तर हसा.

दादा माझा चुलतभाऊ, माझ्याहून मोठा. आमची शेती एकत्र होती. रस्त्याच्या कडेने गोदामं उठायला लागली, तशी आमची खाचरंही विकत घ्यायला पार्टी आली आणि आम्ही सह्या केल्या. माझ्या वाट्याच्या पैशातून मी शहरात, निजामपुऱ्यात, यंत्रमागांच्या म्हणजे लूमच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं. दादाने घरावर मजला चढवला, गाडी घेतली, आणि मग त्याला करायला काही उरलं नाही. जन्मभर उजाडायच्या आत बांधावर असलेला माणूस रोज दुपारी माझ्या दुकानात येऊन बसायला लागला. गल्लीत लूमची खडखड, त्यामुळे बोलायचा तेही ओरडून.

"दत्ता, औंदा पाऊस बरा हाय."

"मग आपल्याला काय करायचंय?"

"करायचं काय नाय. बोलतो आपला."

गिऱ्हाइकं त्याच्या पायांना वळसा घालून आत यायची. मला त्याची लाज वाटायची, आणि दुपार झाली की राग यायचा.

त्याच सुमारास त्याने मुलीसाठी, मनीषासाठी, कॉम्प्युटर घेतला. बसवून देणाऱ्याने त्यात एका गेमचा नमुना टाकून दिला. परदेशातला राजेरजवाड्यांचा जुना काळ, गवताने शाकारलेली घरं, पवनचक्की, गव्हाची शेतं. लढाई नाही, शत्रू नाही, नुसतं गाव वसवायचं. नमुना पीक पिवळं झालं की बंद पडायचा. दादा त्यापुढे जाऊ शकत नव्हता आणि ते त्याला सहन होत नव्हतं.

"दत्ता, पुरा गेम मुंबईला मिळतो म्हनतात. घेन्यासारखा हाय का रं?"

मी माल आणायला मुंबईला गेलो तेव्हा एका दुकानात विचारलं. दुकानदार सरळ माणूस होता. म्हणाला, "दिसायला छान आहे, पण आत फार काही नाही. आठ दिवसांत कंटाळा येईल." मी तरी गेमच्या सीडीची डबी घेतली, पूर्ण्याला नेऊन दिली आणि म्हटलं, "डोळे झाकून खेळ. एक नंबर आहे." मला फक्त माझी दुपार मोकळी करून हवी होती. ती झाली. दादा दुकानात यायचा बंद झाला आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला.

मग फोन सुरू झाले. "थंडीत मानसं गाव सोडून जातात रं. एकदा येऊन बघ ना." त्याला माझ्याकडून एवढंच हवं होतं, की मी शेजारी बसावं आणि ते गाव एक हिवाळा तगवून दाखवावं. मी टाळत राहिलो. शेवटी एका शुक्रवारी, लूम बंद असतात त्या दिवशी, गेलो. वरच्या मजल्यावरची खोली, खिडकीतून समोर गोदामाचे निळे पत्रे. दादाने पडदा ओढून घेतला आणि मला गाव दाखवलं. कबूल करतो, सुंदर होतं. आमचं जुनं पूर्णा जसं होतं तसंच त्याने ते मांडलं होतं. उंचवट्यावर खेटून घरं, भोवती शेतं, वेशीवर एक चर्च, त्याला तो गावदेवी म्हणायचा.

घोळ एकच होता. त्या गेममध्ये सगळ्या गावाचं पीक एका मोठ्या कोठारात जायला लागतं, तिथून ते घरोघरी पोचतं. दादा कोठार बांधतच नव्हता. आमच्याकडे भात ज्याच्या त्याच्या घरात, कणगीत असायचं. त्याचं म्हणणं, इथंही तसंच व्हावं. गेमला कणगी ठाऊक नव्हती. गहू शेतातच कुजायचा, हिवाळा यायचा आणि ती बोटभर माणसं ओळीने स्क्रीनच्या कडेकडून नाहीशी व्हायची. दादा पुन्हा पहिल्यापासून गाव वसवायचा, पुन्हा तसंच.

"बाबा, इथं लिहिलंय बघा, गोदाम बांधा," मनीषा म्हणाली. इंग्रजी ती वाचून दाखवायची.

"माझ्या गावात गोदाम नाय."

"मग परत उपाशी मरतील."

"मंग गेमच खोटा हाय. दत्ता, तू सांग. हा घेन्यासारखा होता का नव्हता?"

तो खरंच विचारत होता. डबी मी आणली होती, उत्तर मी द्यायला हवं होतं. मी म्हणालो, "खऱ्या गोदामाला जमीन देताना तुझा हात थरथरला नाही. आता खोट्या गावात कसली लाज वाटते तुला?"

दादाला उत्तर देता आलं असतं. त्या कागदावर माझी सही त्याच्या सहीच्या वर आहे. करारातली ओळन् ओळ मीच त्याला समजावून सांगितली होती, तो तयार नव्हता तेव्हा चार नातेवाईक मीच गोळा करून आणले होते. यातलं एक अक्षर तो बोलला नाही. मनीषाला म्हणाला, "काकाला चहा दे." मी चहा प्यायलो आणि निघालो. त्यानंतर त्याचा फोन आला नाही. लग्नकार्यात समोर आला की दुसरीकडे बघायचा. मीही कधी पाऊल पुढे टाकलं नाही.

बाराव्याच्या जेवणाला शेजारचा एकजण मला म्हणाला, "तुम्ही दादाला आणून दिलेला तो गेम कसा आहे हो? आमच्याकडे घ्यायचा विचार चाललाय." त्याला तिथे नीट सांगता आलं नाही, ते इथे सांगतो. घेऊ नका. संगीत गोड आहे, चित्रं देखणी आहेत, आणि त्यापलीकडे त्यात काही नाही. माणसांना नावं नाहीत. कुणी कुणाशी भांडत नाही, कुणी कुणाच्या ओट्यावर जाऊन बसत नाही. सांगितलेल्या जागी सांगितलेलं बांधलं की गाव भरभराटतं, तुमच्या मनासारखं बांधलं की मरतं. तुम्हाला कामधंदा असेल तर वेळ फुकट जाईल. कामधंदा नसेल तर... तर मुळीच घेऊ नका. कुणा रिकाम्या माणसाला तर आणून देऊच नका. त्याला तुमच्याकडे येऊन बसायचं असेल, तर बसू द्या.

जेवणं आटोपल्यावर मनीषा मला म्हणाली, "काका, तुम्ही आला होतात ना, त्या दिवसानंतर बाबांनी तो गेम परत लावलाच नाही."

"मग दुपारभर करायचा काय?"

"गोदामाच्या गेटवर जायचे."

मी तसाच चालत गेलो. आमच्या खाचरांवर आता कंटेनर उभे राहतात. गेटवरचा वॉचमन युपीचा, वयस्कर. दादाचं नाव काढताच म्हणाला, "हिराजी सेठ? रोज आते थे. यहीं बैठते थे."

"क्या करते थे?"

"कुछ नहीं. बताते थे, पानी इधर से आता था, उधर रुकता था. मेंढक बहुत बोलते थे, कहते थे." मग त्याने विचारलं, "आप उनके कौन?"

"भाई," मी म्हणालो.

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. दादा बसायचा ती प्लास्टिकची खुर्ची भिंतीशी होती. सूर्य कलला होता आणि ती अर्धी उन्हात आली होती. वॉचमनने ती उचलली, सावली सरकली होती तिथे नेऊन ठेवली, आणि आलेल्या ट्रकसाठी गेट उघडायला गेला. मी उन्हात उभा होतो. मला बस म्हणाला नाही.