व्हर्लिनचा लाल ठिपका

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा व्हर्लिन हाउगेन याला आमच्या हॅस्केट गावात पिस्तुलांमधला जाणकार समजतात. ही समजूत त्याने स्वतःच पसरवली आहे. तो गॅसचा टँकर चालवतो. खोऱ्यातल्या एकेका रँचवर जायचं, टाकीला नळी लावायची आणि टाकी भरेपर्यंत मालकाला पकडून डोंगरात कुठलं पिस्तूल न्यावं यावर प्रवचन झोडायचं, हा त्याचा दिनक्रम. मोंटानाच्या हिवाळ्यात घर ऊबदार ठेवायचं असेल तर गॅसवाल्याचं ऐकून घ्यावं लागतं, म्हणून लोक ऐकतात.

या जाणकाराने जन्मात एकही एल्क मारलेलं नाही. एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण. एक मिळालं की हिवाळाभर बाजारातून मांस आणायला नको. आमच्या घरात ते मार्लिस मारते, माझी बहीण, तेही धनुष्यबाणाने. माग तीच काढते, कापते तीच, पाठीवर घालून खाली आणते तीच. व्हर्लिन ते चवीने खातो आणि खाता खाता तिला सांगतो की, बाण जरा मागे लागला होता.

मार्लिसला त्याने दोन भेटींत पसंत केलं होतं. पिस्तुलाला मात्र वर्षं लागली. आधी एक भलंमोठं रिव्हॉल्व्हर घेतलं. ते जड म्हणून विकलं. मग हलकं घेतलं, तर त्याचा झटका मनगटाला सोसेना. ते कोणाच्या तरी गळ्यात मारलं. बायको गोठ्याचं छप्पर शाकारत असायची आणि हा खाली खुर्ची टाकून कुठल्या काडतुसाची गोळी अस्वलाच्या कवटीत किती खोल जाते याचे व्हिडिओ बघत असायचा. शेवटी दहा मिलिमीटरचं एक पिस्तूल ठरलं. सुटलो, असं आम्हाला वाटलं. कसलं काय! ते घरी आलं आणि खरा तमाशा तेव्हा सुरू झाला.

चाप जड म्हणून तो घासून हलका करून घेतला. झटका कमी बसावा म्हणून नळीच्या तोंडाशी भोकं पाडून घेतली. मूठ प्लास्टिकची, म्हणजे याच्या शानेला कमी, म्हणून ओरेगॉनमधल्या एका कारागिराकडून अक्रोडाच्या गाठीच्या लाकडाची मूठ करवून घेतली. त्या लाकडाला तो रोज रात्री तेल चोळायचा. मार्लिसचे हात थंडीने फुटून रक्त यायचं, त्यांना कधी थेंबभर तेल लावलंन नाही. आणि सगळ्यात वर, नेम धरायला एक काच बसवली. तिच्यातून बघितलं की लाल ठिपका दिसतो.

ही काच तो पहिल्यांदा दाखवायला घेऊन आला तो अर्लोच्या नाश्त्याच्या हॉटेलात. अर्लोने पिस्तूल हातात घेऊन उलटसुलट बघितलं.

"अरे, यावरच्या लोखंडी माशा कुठे गेल्या? नेम धरायच्या?"

"काढून टाकल्या. काचेच्या मधे येतात. आता जिथे ठिपका तिथे गोळी."

"आणि ठिपकाच नाही दिसला तर?"

"बॅटरी पाच वर्षं चालते, अर्लो."

"बॅटरीचं कुठे विचारतोय मी?"

"तू तुझा पॅनकेक उलट. करपतोय तो."

सगळे हसले. अस्वलाला पळवायला माझ्या पट्ट्याला लावलेल्या मिरचीच्या फवाऱ्याकडे बोट दाखवून व्हर्लिन म्हणाला, "ट्रूडी, हे असलं आता अंड्यांवर मारायला ठेव."

"रेंजवर कागदाला भोकं पाडणं वेगळं, व्हर्लिन. कागद चावायला येत नाही," मी म्हटलं.

"तू तुझी खेचरं सांभाळ गं. हे तांत्रिक काम आहे."

त्या वर्षी मार्लिसचं नाव सोडतीत निघालं. आमच्याकडे वरच्या खोऱ्यातल्या मोठ्या नर एल्कच्या शिकारीचा परवाना सोडतीने मिळतो आणि लोक अर्ज भरता भरता म्हातारे होतात. एकदा मिळाला की पुन्हा मिळेल अशी आशा कोणी धरत नाही. मार्लिस स्वयंपाकघरात उभी राहून रडली. व्हर्लिन म्हणाला, "बरं झालं, पिस्तूलही बाहेर पडेल."

सप्टेंबर हा धनुष्याचा मोसम, त्यामुळे बरोबर रायफल नसते. आणि वरचं खोरं ग्रिझली अस्वलांचं आहे. म्हणून आमच्याकडे कामाची पद्धत ठरलेली आहे. एल्क पडलं की एकाने कापायचं, एकाने मांसाकडे पाठ करून जंगलाकडे बघत उभं राहायचं. उभं राहणाऱ्याने दुसरं काहीच करायचं नाही. बोलायचं नाही, सुरी धरायची नाही, मांसाकडे बघायचंसुद्धा नाही. रक्ताच्या वासावर अस्वल येतं, आणि कापणारा ओणवा असतो, त्याचे कान सुरीच्या आवाजाने भरलेले असतात. त्याचा जीव उभं राहणाऱ्याच्या हातात असतो. हे आमच्याकडे शाळकरी पोरांनाही कळतं.

आम्ही तिघं वर गेलो आणि मार्लिसने नर पाडला. एकच बाण, बरगडीमागे, आणि जनावर शंभर पावलांत बसलं. असा नर मी आमच्या वडिलांच्या काळानंतर पाहिला नव्हता. बर्फ भुरभुरायला लागला होता, ओला, अंगाला चिकटणारा. मार्लिसने पाठीवरची झोळी उतरवून ठेवली. तिचा मिरचीचा फवारा त्या झोळीच्या पट्ट्याला होता. नवरा पहाऱ्याला आहे, मग हरकत काय, असं तिला वाटलं.

खेचरं खाली ओढ्याजवळ बांधली होती. ती आणायला मी निघाले. जाताना व्हर्लिनला म्हटलं, "तुला एकच काम आहे. उभं राहायचं."

"कळतं मला," तो म्हणाला. पिस्तूल छातीवर बांधलेलं होतं आणि ती मूठ बर्फातही चकाकत होती.

मी गेल्यावर काय झालं ते मार्लिसने नंतर सांगितलं. मागचा पाय जड होता, हलत नव्हता. ती काहीच म्हणाली नव्हती. तोच म्हणाला, "दे, मिनिटभर धरतो." पाय धरायला वाकावं लागणार, वाकलं की छातीवरच्या त्या लाकडाला रक्त लागणार. अक्रोडावरचा रक्ताचा डाग जात नाही म्हणे. म्हणून त्याने सगळे पट्टे सोडले, पिस्तूल होल्स्टरसकट काढलं आणि लांबच्या एका फरच्या झाडाला, स्वच्छ फांदी बघून, टांगलं. मग येऊन पाय धरला. मांसाकडे तोंड आणि जंगलाकडे पाठ.

मी खेचरं घेऊन चढ चढत होते तेव्हा मार्लिसची हाक ऐकू आली. "व्हर्लिन!" अशी एकदाच. मग खेचरं बिथरली, कासरे हातातून सुटले आणि मी धावले.

वर पोचले तर माझी बहीण पालथी पडलेली, दोन्ही हात मानेवर, आणि अस्वल तिच्या खांद्याला धरून तिला हलवत होतं. आणि व्हर्लिन त्या झाडाखाली उभा होता. पिस्तूल दोन्ही हातांत, समोर ताठ धरलेलं, पाय रुंद रोवलेले, अगदी व्हिडिओत दाखवतात तसा. गोळी झाडत नव्हता, पुढे येत नव्हता आणि ओरडतही नव्हता. डोळा बारीक करून त्या काचेत बघत होता.

मी फवारा काढला आणि अस्वलाच्या तोंडाजवळ जाऊन रिकामा केला. मला शौर्य-बिर्य काही आठवत नाही, फक्त माझे स्वतःचे डोळे पेटले होते एवढं आठवतं. अस्वल शिंकत, धडपडत झाडीत गेलं. मार्लिसचा खांदा उघडा पडला होता. मी माझा सदरा त्यात कोंबला आणि व्हर्लिनकडे बघितलं. तो अंगठ्याने काच पुसत होता.

"बर्फ बसला होता गं काचेवर," तो म्हणाला. "ठिपका दिसत नव्हता."

हेलिकॉप्टर आलं. वन्यजीव खात्याचा माणूस आला. त्याला व्हर्लिनने पिस्तूल दाखवलं आणि ओल्या हवेत उघडी काच कशी दगा देते ते नीट समजावून सांगितलं. त्या माणसाने माझ्याकडे बघितलं. मला मान वर करायचीसुद्धा लाज वाटली. तो नर तिथेच राहिला, अस्वलाने परत येऊन खाल्ला.

मार्लिसचा उजवा खांदा. धनुष्य ओढायचा. डॉक्टर म्हणाले, हात कामाला येईल, पण धनुष्य विसरा.

दुसऱ्या आठवड्यात मी तिच्या खाटेशी बसले होते. व्हर्लिन खिडकीपाशी फोन घेऊन होता. एकदम उजळला.

"सापडली! बंद डबीतली काच आहे ही. बर्फ आत जाऊच शकत नाही. ही असती ना त्या दिवशी..."

मार्लिसने मान वळवली. इतक्या दिवसांत ती त्याच्याशी धड बोलली नव्हती.

"व्हर्लिन, ठिपका दिसला असता, तर तू पुढे आला असतास?"

त्याने खरंच विचार केला. तेवढं श्रेय मी त्याला देते. पिस्तुलाबद्दलच्या प्रत्येक प्रश्नाचा तो तसाच विचार करतो.

"पुढे कशाला? तेवढ्या अंतरावरून पुढे यायची गरजच नसती," तो म्हणाला.

 मार्लिसने डाव्या हाताने पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलंन.

"ट्रूडी," ती म्हणाली, "याला त्याच्या आईकडे सोडून ये. आणि माझ्या घराची किल्ली काढून घे त्याच्याकडून."