वाढप्याने ठरवायचं नाही

शिरीष गेल्या महिन्यात, एका गुरुवारी सकाळी, बेव्हर्ली पार्कमधल्या राहत्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने गेला. मीरा-भाईंदरच्या बातम्यांची वेबसाइट आम्ही दोघांनी सुरू केली होती. बातम्या मी लिहायचो, तांत्रिक बाजू त्याची. पानाचा साचा, म्हणजे टेम्प्लेट, फक्त मांडणी करेल, कोणाला काय दाखवायचं हा निर्णय साच्यात लिहायचा नाही, असा त्याचा नियम होता. मला कळेना, तेव्हा म्हणाला, "अरे, साचा म्हणजे पंगतीतला वाढपी. लाडू कोणाला द्यायचा हे तो ठरवायला लागला की पंगत बोंबलली!" प्रत्येक बदलाशेजारी कारण लिहायचं, हाही त्याचाच आग्रह. "कारण नाही, तर बदल कशाला करतोयस?" त्यामुळे साचे मी कधी उघडले नाहीत. तिथे पाहण्यासारखं काही नसतं, हे धरून चाललो होतो...

गेल्या वर्षी भाईंदरजवळच्या मुर्धा गावात भराव टाकून खाडीचा नाला बुजवायला सुरुवात झाली. तिथे मासळी विकणाऱ्या बयामावशी भराव टाकणाऱ्या बिल्डरचं नाव घेऊन माझ्याशी बोलल्या. त्या एकट्याच बोलल्या. बातमी लागली. काही दिवसांनी त्यांनी मला रस्त्यात गाठलं. "भाऊ, बातमी हाय कुठं?" मी माझा फोन पुढे केला. "तुमच्यात हाय, आमच्यात न्हाय. तुमाला पन घेतलं वाटतं इकत!" शिरीषला विचारलं. "तिचा फोन जुना असेल रे. तुला दिसतेय ना? मग झालं." त्यानंतर मुर्ध्यात माझ्याशी कोणी बोललं नाही.

तो गेल्यावर साइट दुसऱ्याकडे सोपवण्यासाठी साचे उघडले. बातमीच्या साच्यात एक अट निघाली: मजकुरात त्या बिल्डरचं नाव असेल, तर बातमी फक्त आमच्या लॉगिनवर दाखवायची. बाहेरच्या वाचकाला तिच्या जागी पुढची बातमी दिसे.

हे कोणाच्या सांगण्यावरून झालं, ते कळलेलं नाही. शिरीषच्या पत्नीला माहीत नाही. बिल्डरने फोन उचललेला नाही. अट काढली, आणि बयामावशींना त्यांच्याच घरच्या फोनवर बातमी दाखवली. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचून घेतली. "आता काय करू हिचं? नाला बुजला."

शिरीषच्या टेबलावरच्या मॉनिटरला त्याच्या अक्षरातली चिठ्ठी अजून चिकटलेली आहे: वाढप्याने ठरवायचं नाही. साच्यात ती अट घालणाऱ्याचं नाव बदलांच्या नोंदीत शिरीषचं आहे. कारणाची जागा रिकामी आहे.