दोन सीटांमधलं अंतर

बाजाराच्या दिवशी आलापल्लीहून चामोर्शीला जाणाऱ्या एसटीत त्या दोघी नेहमी एकाच सीटवर बसायच्या. मांडीवर कोंबड्या आणि बोलण्याला खंड नाही. त्या दिवशी मात्र एक ड्रायव्हरच्या मागे बसली आणि दुसरी थेट शेवटच्या सीटवर, माझ्या शेजारी. भांडण झालं असणार, असं मी धरून चाललो. दुसऱ्याच्या भांडणाचं मला फार कुतूहल.

हिच्या मांडीवर झाकलेली टोपली होती. मधूनमधून ती फडकं वर करायची, आतल्या कोंबडीच्या पाठीला कान लावायची, चिंधीनं तिचं नाक पुसायची. कोंबडी चोच उघडी टाकून श्वास घेत होती आणि तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात फेस होता.

शेवटी मी विचारलंच, "बाई, त्यांच्याशी बोलणं बंद आहे का?"

"काऊन? नणंद आहे ते माही," ती म्हणाली. "तिच्या कोंबड्या चांगल्या आहेत, बाजारात चालल्या. माही घरघर करून राह्यली, हिले दवाखान्यात नेतो. जवळ बसली तर तिच्याही खोकलतील नं, भाऊ."

चामोर्शीला नणंद आधी उतरली आणि लांब जाऊन थांबली. ही सगळ्यांच्या मागून उतरली. मग एक रस्त्याच्या या कडेनं, दुसरी त्या कडेनं, मोठमोठ्यानं बोलत दोघी निघाल्या. मध्ये ट्रक आला की तेवढ्यापुरत्या थांबायच्या, आणि तो गेला की राहिलेलं वाक्य पुढे सुरू.