खांबेटे डॉक्टरांची गाठ

रविवारची दुपार आहे. स्नेहलबरोबर सकाळचा खो-खोचा सराव उरकून मी घरी आलेय आणि स्वयंपाकघराच्या दारात गार फरशीवर आडवी झालेय. उजव्या पायातला बूट काढलाय, डावा अजून पायातच आहे, आणि काढलेल्या बुटाची नाडी ओढून मी बोटाला गुंडाळत बसलेय. आत आई भाकऱ्या थापतेय. थप, थप, थप. माझ्या छातीतही थपथप चाललीय, पण ती भाकरीच्या बरीच पुढे पळतेय, आणि सराव संपून अर्धा तास झालाय.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. गुरुवारी जिल्ह्याच्या संघाची निवड आहे. अख्ख्या फलटणात कुणालाही मला बाद करायला तीन मिनिटं लागतात. हे आमचे खो-खोचे वाघमोडे सर म्हणतात, मी फक्त सगळ्यांना सांगत फिरते. आणि नेमक्या त्याच गुरुवारी पुण्याच्या हॉस्पिटलने मला तपासणीला बोलावलंय. ते पत्र पोस्टमनकाकांकडून मीच घेतलं आणि विज्ञानाच्या वहीच्या कव्हरात सरकवून दिलं. आई विचारेल तर काय सांगायचं, तेही ठरवलंय. पण आई विचारत नाही. तिच्या लेखी मी कधीचीच बरी झालेय.

भाकरीची थपथप लांब जाते. फरशी मऊ होते.

फरशी नाही, मैदानाची माती आहे. पाटीत आठ जण उकिडवे बसलेत, एकाचं तोंड इकडे, एकाचं तिकडे. मी त्यांच्यामधून नागमोडी पळतेय आणि मला अजिबात दम लागत नाहीये. चौथ्याच्या डोक्यावर हिरवी टोपी आहे. मी थबकते. ते खांबेटे डॉक्टर आहेत.

खांबेटे डॉक्टर दोन वर्षांपूर्वी वारले. मी तीन वर्षांची असताना त्यांनी माझं हृदय उघडलं होतं. मधल्या भिंतीला भोक होतं आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद होती. मी रडायला लागले की ओठ निळे पडायचे, नखंसुद्धा.

"काय गं जांभळे," ते म्हणतात. तेव्हापासून ते मला हेच म्हणायचे.

"मी आता जांभळी नाहीये, डॉक्टर. दहावीत आहे."

"त्याचा काय संबंध? ओठ दाखव."

मी दाखवते. ते मान डोलावतात, म्हणजे काय ते कळत नाही.

"तुम्ही असे उकिडवे कसे काय बसलात? तुमचे तर गुडघे दुखायचे."

"मेल्यावर गुडघ्यांचं एक बरं असतं."

मी हसते. शेवटच्या खांबाला वळसा घालायला जाते, तर तो सलाईनचा स्टँड आहे. पायाखाली पाटी नाही, ओपीडीचा लांब पॅसेज आहे. भिंतीवर हत्ती आणि फुगे रंगवलेत, आणि भिंतीला लागून बालवाडीतल्यासारख्या बुटक्या लाल खुर्च्या. त्यांवर मोठी माणसं बसलीत. एका मिशीवाल्या काकांचे गुडघे हनुवटीपर्यंत आलेत. एक बाई सात महिन्यांची गरोदर आहे आणि तिला त्या खुर्चीत नीट मावता येत नाहीये. सगळ्यांच्या हातात फायली.

"हे कोण?"

"माझी बाळं," डॉक्टर म्हणतात. "मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जातात तेव्हा ते म्हणतात, हे लहान मुलांचं दुखणं. मग येतात परत इथेच. नवीन खुर्च्या मागवायच्या राहूनच गेल्या."

ते त्यांच्या टेबलाशी बसतात. आईबाबांशी बोलता बोलता ते खुर्चीच्या हाताला दोऱ्याच्या गाठी मारत बसायचे, एका हाताने, न बघता. आताही डावा हात चालूच आहे. तपासायला आलेल्या प्रत्येक पोराला ते ही टाक्याची गाठ शिकवायचे. मला कधीच जमली नाही.

"तू किती वर्षांत हृदयाचा एको काढला नाहीस?"

"दोन. तुम्ही गेलात ना. मग कुणाकडे जायचं?"

"मी जाताना माझ्या जागी शेख मॅडमना खो दिलाय. त्या उठून पळायलाही लागल्या. तू अजून माझ्याच पाठीकडे बघत बसलीयस."

"पण मी बरी झालेय, डॉक्टर."

त्यांचा हात थांबतो.

"असं मी कधी म्हणालो?"

मी आठवून बघते. आई म्हणते बरी. आजी म्हणते बरी. सगळी गल्ली म्हणते. डॉक्टर मात्र दर वेळी एकच शब्द वापरायचे. दुरुस्त. मला तो सायकलच्या दुकानातला वाटायचा.

"अगदी सुरुवातीला एक मुलगी होती, सुलभा," ते म्हणतात. "तुझ्यासारखीच, जांभळी. ऑपरेशन मस्त झालं. मी तिच्या वडिलांना म्हटलं, आता विसरून जा. ते खरंच विसरले. दरवर्षी पेढे पाठवायचे, मी खायचो. ती शिक्षिका झाली, लग्न झालं. चौतिसाव्या वर्षी माझ्याकडे आली तेव्हा तीन पायऱ्या चढून बसली. झडप कित्येक वर्षं गळत होती आणि उजवा कप्पा फुग्यासारखा ताणला गेला होता."

"वाचली?"

"वाचली. झडप बदलली. पण ताणलेलं हृदय पूर्वीसारखं झालं नाही. ते माझ्या एका शब्दामुळे. विसरा." ते चष्मा पुसतात. "त्यानंतर हजारो पोरांची ऑपरेशनं केली असतील. पुन्हा कुणाला विसरा म्हणालो नाही."

आता आम्ही ऑपरेशन थिएटरमध्ये आहोत, पण आतून भाकरीचा वास येतोय.

"माझीही गळतेय का?"

"मला काय माहीत? मी मेलोय. एको काढ."

"पुन्हा कापतील?"

"कदाचित. कदाचित पायाच्या शिरेतून झडप बसवतील. कदाचित नुसतं बघतील आणि पुढच्या वर्षी ये म्हणतील."

"आणि खो-खो?"

"तेही त्यांनाच विचार. दम लागतो हे मला सांगून काय उपयोग?"

मी सांगितलंच नव्हतं.

"हात आण," ते म्हणतात. "पहिला वेढा जवळ आणतो. दुसरा धरतो. तिसरा सुटू देत नाही. आईला काही विसरायचं नसलं की ती काय करते?"

"पदराला गाठ मारते. खूणगाठ."

"मग. मी आयुष्यभर दुसरं काय केलं?"

"केतके, ऊठ. भाकरी गार होतेय."

फरशी पुन्हा कडक आहे. उजवा हात गालाखाली दबून पार बधिर झालाय, मुंग्या आल्यात. डाव्या हाताच्या बोटाला नाडी नाही. ती दाराजवळच्या स्टुलाच्या पायाला बांधलेली आहे. बारीक, चापून बसलेली गाठ. मी मोजते. तीन वेढे.

आई वाकून नखाने ती सोडवायला बघते.

"कसली गाठ मारलीस गं ही? हलेसुद्धा ना."

"सोडू नकोस. खूणगाठ आहे."

"कशाची?"

मी दप्तर ओढते, विज्ञानाच्या वहीचं कव्हर काढते आणि चार घड्या पडलेलं पत्र तिच्या पिठाच्या हातात देते. ती वाचते. तिचा अंगठा तारखेवर थांबतो आणि गुरुवार पांढरा होतो.

"आणि मला दम लागतो, आई," मी म्हणते. "दिवाळीपासून."

ती खाली माझ्याशेजारी बसते. हात माझ्या छातीवर ठेवते, ऑपरेशनच्या शिवणीच्या बरोबर वर. मग विचारते, "सरांना काय सांगायचं?"

"सांग, माझ्या जागी स्नेहलला खो दिलाय."

डाव्या पायातला बूट अजून तसाच आहे. मी तोही काढते.