आधी बोलेल ते आपलं

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अक्कांनी उभी हयात दुसऱ्यांची बोलणी जुळवून दिली. निवृत्तीनंतर दृष्टी मावळली, आणि स्वतःला आलेले पत्रही त्यांना दुसऱ्याच्या मुखातून ऐकावे लागू लागले. ते मुख धाकट्या भावाचे. बंधुराज पेशाने आरेखक, स्वभावाने लोणी. जिभेला मात्र विसावा ठाऊक नाही. एक्स्चेंजमधली जिवलग मैत्रीण संगणकावर पत्र धाडी आणि हे वाचता वाचता त्यावर भाष्य रचीत. मूळ संहिता दोन ओळींची, टीका पानभर.

"पत्र तिचं, कान माझे. मध्ये तू कशाला रे बाळ्या?"

"मग काय भिंतीकडून वाचून घेतेस?"

त्यातच घरचा संगणक म्हातारा झाला. त्याला चालवणाऱ्या जुन्या प्रणालीकडे कंपनीने पाठ फिरवली, नवी त्याला पेलवेना. दुरुस्तीवाल्याने निवाडा दिला, भंगारात घाला. बंधुराजांना ते रुचले नाही. विचारपूस करता त्यांना कळले, की लिनक्सच्या घराण्यातल्या प्रणाली मुक्तस्रोत असतात. त्यांची घडण कोणीही उघडून पाहावी, कोणीही सुधारावी, कोणीही विनामूल्य वापरावी. शिवाय नवशिक्यावर त्यांचा एक मोठाच उपकार असतो: जुन्याला धक्का न लावता त्या पेनड्राइव्हवरून आधी चालवून पाहता येतात.

अक्कांनी अट घातली. "मला स्वतःच्या हातानं चढवता येईल अशीच हवी. तसली मिळाली नाही तर संगणक दे भंगारात, आणि तिला कळव, यापुढे लिहू नकोस म्हणून. उसन्या तोंडानं मैत्री नाही होत."

बोलणे हसत केले होते, पण भावाला त्यातला काटा लागला.

सकाळच्या उन्हात बंधुराजांनी पहिली प्रणाली सुरू केली आणि हरखून गेले. "अगं, काय देखणी आहे! निळाशार पडदा, रेखीव चित्रं..."

"मला काय म्हणतेय?"

"तुला? काही नाही."

"मुकी आहे. पुढची दाखव."

दुसरी बोलत होती. पण तिला बोलती करण्यासाठी कोणीतरी डोळसाने आत शिरून सोय चालू करायची होती. अक्कांनी मान हलवली. "माझ्याच खोलीत जायला तुझं बोट धरायचं, तर ती खोली माझी कसली?"

तिसरीच्या वेळी बंधुराजांनी माहिती वाचून अक्कांची बोटे तीन कळांवर ठेवली. त्यांनी त्या एकदम दाबल्या मात्र, पहिल्याच पडद्यापासून यंत्र बोलू लागले. आधी परक्या भाषेत. भाषा निवडताच आपल्या भाषेत. सपाट, कोरडा आवाज. पण पुढे काय आहे ते सांगणारा.

अक्का कान देऊन ऐकत राहिल्या. ज्ञानाला श्रुती म्हणणाऱ्यांना जे अभिप्रेत होते, ते त्यांच्या मुद्रेवर उमटले. मग म्हणाल्या, "नाक चोंदलंय बाईचं. पण एक शब्द गिळत नाही. आमच्या एक्स्चेंजात हिला हसत हसत घेतलं असतं."

दुपारपर्यंत त्यांनी तिच्याकडून सारे करवून घेतले: गाणे लाव, पत्र उघड, अक्षरे टंकित करताना उच्चारून दाखव. मग ती कायमची चढवायचे ठरले. बंधुराजांनी जुनी पत्रे आधीच वेगळ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतली होती.

"आता पडदा बंद कर," अक्का म्हणाल्या.

"का गं?"

"तू बघशील, मग बोलशील. आणि हात मागे बांध."

पडदा काळा झाला. आता दोघेही सारखेच. यंत्र विचारी, अक्का ऐकत, कळ दाबत. 'डिस्कवरील सर्व काही पुसायचे?' अक्कांनी क्षणभर बोट थांबवले, आणि होकार दिला.

आवाज थांबला. परत येईना. बंधुराज खुर्चीतून अर्धे उठले. "अक्का, गेलं सगळं! पडदा लावू?"

"बस खाली."

"अगं, बोलत नाहीये ती!"

"तूही बोलू नकोस." त्यांनी संगणकाच्या डब्यावर तळहात ठेवला. आत बारीक घरघर चालू होती. "मेलेल्या लाइनची शांतता वेगळी असते रे. ही जोडणी होत असतानाची आहे. इतकी वर्षं मी दुसरं काय ऐकलं?"

मौनाचेही वाङ्मय असते, आणि ते वाचण्यास डोळे लागत नाहीत, हे त्या भावाला साठीनंतर उमगले. तो निमूट बसला. हा त्या दिवसाचा धाकटा चमत्कार.

थोरला पुढे घडला. यंत्र एकवार निजले, पुन्हा जागे झाले, आणि त्याच चोंदलेल्या नाकाने अक्कांचे स्वागत केले. अक्कांनी टाळी वाजवली ती शेजारच्या घरात ऐकू गेली. "लागली लाइन! बाळ्या, लागली!" बंधुराज डोळे पुसत होते, ते कोणाला दिसत नाही हे त्यांना बरेच वाटले.

मग अक्कांनी कानांवर हेडफोन चढवले आणि मैत्रिणीचे ताजे पत्र उघडले. बंधुराजांना त्यातला एक शब्दही ऐकू येईना. ऐकता ऐकता त्या एकाएकी इतक्या हसल्या, की खुर्ची करकरली.

"काय लिहिलंय?" बंधुराज पुढे सरकले.

"तुझ्याबद्दल आहे."

"सांग ना!"

"अंहं," अक्का म्हणाल्या आणि तेच पत्र पुन्हा पहिल्या ओळीपासून ऐकू लागल्या.