खड्ड्यातली माणसं वर आली का?

शिवकन्या निंबर्ग्याच्या शेतकरी घरातली. लग्न होऊन आळंदला आली, कॉम्प्युटर शिकली आणि पाण्याची लाइन टाकणाऱ्या एका गुत्तेदाराच्या ऑफिसात लागली. काम सांगायला सोपं, करायला किचकट. एवढी थोरली योजना सॉफ्टवेअरवर घालायची आणि तिचे तुकडे पाडत जायचं: आधी गावागावाचे, मग एकेका दिवसाचे, शेवटी एकेका माणसाच्या हातातल्या कामाचे. काम संपलं की मोबाइलवर खूण करायची. तो तुकडा हिरवा झाला, की पुढच्या माणसाला आपोआप निरोप जायचा.

मादन हिप्परग्याच्या ओढ्याकाठी नवी लाइन जुनीला जोडायची होती. त्या जोडाचे तिनं बारीक तुकडे केले. खड्डा, पाइप कापणं, जोड बसवणं, बोल्ट आवळणं. शेवटचा तुकडा होता, ‘माणसं वर आली’.

इंजिनिअर प्रशांतकुमार कलबुर्गीहून फोनवर वैतागले. “म्याडम, माणसं वर आली हे काय काम आहे का? आज मीटिंग आहे. साहेबांना ही रांगोळी दाखवू? एकच ठेवा, जोडकाम.”

“सर, पण ती खूण झाली की मगच पंपाची मोटार सोडायचा निरोप जातो.”

“मी बघतो ना!”

तिनं सगळे तुकडे एकात घातले. मन घेत नव्हतं. पण वरून सांगितल्यावर किती ताणायचं?

दुपारी डबा उघडला आणि सहज स्क्रीनकडं बघितलं, तर जोडकाम हिरवं! घास हातातच राहिला. थोड्या वेळापूर्वीच ओढ्याकाठच्या जोडावरून रेवणसिद्धप्पा मिस्त्रींचा फोन आला होता. “एक बाजू आवळायची ऱ्हायलीय, अक्का. काळी माती हाय, खड्ड्याची भिंत सुटायलीय. दमानं करायलाव.” मग खूण कुणी केली? नाव होतं प्रशांतकुमारांचं. खाली पंपावरच्या अमरनाथला निरोपही गेलेला: मोटार सुरू करा.

तिनं मिस्त्रींना फोन लावला. नुसता वाजत राहिला. खड्ड्यात उतरताना ते फोन काठावर सदऱ्यात ठेवायचे. अमरनाथला लावला. तोही उचलेना. मोटारीच्या आवाजात त्याला काय ऐकू जाणार? प्रशांतकुमारांनी तर कापलाच. पाणी लाइनीत शिरलं असेल. ओढ्यापर्यंत पोचायला किती वेळ?

मग अमरनाथची बायको आठवली. श्रीदेवी. तिचं घर पंपाजवळच.

“श्रीदेवी, पळ! मोटार बंद करायला सांग!”

“कामून? काय झालं अक्का?”

“खड्ड्यात माणसं हायत! आधी पळ!”

फोन चालूच राहिला. चपलांचा फटफटाट, तिला लागलेली धाप, अंगाला घासणाऱ्या तुरीची सळसळ. मग मोटारीची घरघर जवळ येऊ लागली. श्रीदेवी ओरडत होती. अखेर घरघर खाली खाली येत थांबली. पण खड्ड्याचं काय झालं, हे त्या फोनमधून कळायची सोय नव्हती.

रामचा फोन आला. तो मिस्त्रींचा जोडीदार. “पाणी भस्सकन आलं, अक्का. मी वर आलो, अन् भिंत बसली. अप्पा कमरेपातुर गाडलेत.”

“बोलायलेत का?”

“व्हय. हातानंच उकरायलाव. जेसीबी जवळ आणला तर दुसरी भिंत बसंल.”

गावातली माणसं धावली. अप्पांना जिवंत काढलं, पण पाय दोन ठिकाणी मोडला होता.

संध्याकाळी शिवकन्या कलबुर्गीच्या दवाखान्यात गेली. मिस्त्रींची बायको नागूबाई पायरीवर बसली होती.

“मोटार कुणी सोडली, बाई?”

“अमरनाथनं. काम झालं म्हणून त्याला निरोप गेला होता. काम झालं असं आमच्या सरांनी लिहिलं. अन् माणसं वर आली का, हे विचारायचं मी त्यांच्या सांगण्यावरून काढून टाकलं होतं.”

नागूबाईनं विचारलं, “चालतील का ते?”

“चालतील म्हणतात डॉक्टर.”

“मग बस इथं. मला एकटीला भ्या वाटायलंय.”

शिवकन्या रात्रभर बसली.

सकाळी प्रशांतकुमारांचा फोन आला. आवाज नरम होता. “रिपोर्टमध्ये सॉफ्टवेअरचा बिघाड लिहा.”

“सॉफ्टवेअर बरोबर चाललं, सर. झालं तेच मी लिहिलंय. पाठवलंय पण.”

पलीकडून फोन बंद झाला.

तिनं राहिलेल्या प्रत्येक गावाचा जोड उघडला आणि पुन्हा बारीक तुकडे केले. शेवटची खूण फक्त मिस्त्रीच्या फोनवरून होईल, असं करून ठेवलं. नोकरी जाईल असं तिला वाटत होतं. गेली नाही, पगारवाढ मात्र त्या वर्षी सगळ्यांना मिळाली, तिला नाही. प्रशांतकुमारांची दुसऱ्या योजनेवर बदली झाली. मिस्त्री दिवाळीनंतर काठी घेऊन कामावर आले. आता ते काठावर खुर्ची टाकून बसतात, आणि राम खाली उतरतो.